बदलीवर उभं राहताना कोणाकडे बघायचं?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय. वय २३, उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी, बेळगावात काही एकांकिका केलेल्या. मुंबईच्या एका व्यावसायिक नाटकाचे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, गोवा या पट्ट्यात बरेच प्रयोग लागलेत आणि त्यात त्याला बदली कलाकार म्हणून, म्हणजे मूळ नट आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायला, घेतलंय. दोन भूमिका तयार ठेवायच्या आहेत: नायकाचा मोठा भाऊ आणि दुसऱ्या अंकात येणारा इन्स्पेक्टर. एरवी बॅकस्टेजला हात लावायचा. तालीम कोणी घेत नाही, "बघून घे" एवढंच सांगितलंय. त्याचे प्रश्न असे: मूळ नटाची हुबेहूब नक्कल करू की भूमिका माझ्या पद्धतीने उभी करू? बोलण्यात बेळगाव ऐकू येतं म्हणतात, ते कसं घालवू? आणि नोकरी सोडू का?

तुझं वय बघून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. मी मूळची बेळगावातल्या शहापूरची. सुरुवातीला बदलीवरच उभी राहिले, नंतर कायमच्या भूमिका मिळाल्या, आणि हल्ली चालू नाटकात नव्याने येणाऱ्यांना बसवून घ्यायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. म्हणजे विंगेच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार बघितलाय.

नक्कल की स्वतःचं, हे बदलीवर येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर पुढे देते, पण तुझी खरी अडचण ती नाही. "बघून घे" म्हटल्यावर नेमकं काय बघायचं हे तुला कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे तू मोठ्या भावाचं काम करणाऱ्या नटाकडे टक लावून बसला असणार. तो हात कसा करतो, आवाज कुठे चढवतो. त्यातलं फारसं काही तुझ्या उपयोगाचं नाही. ज्या रात्री तो येणार नाही, त्या रात्री बाकीचे सगळे येणार आहेत. नायक, त्याची बायको, म्हातारे वडील, प्रकाशयोजनेच्या बोर्डवरचा मुलगा, संगीत सोडणारा. इतके प्रयोग करून या सगळ्यांच्या अंगात काही गोष्टी मुरल्यात: कुठल्या शब्दावर वळायचं, कोण बाजूला झाल्यावर पुढे यायचं, हशा किती ओसरू द्यायचा. तू मध्ये उभा राहिलास तरी त्यांचं हे सगळं चालू राहिलं पाहिजे, याच कामासाठी तुला घेतलंय. म्हणून मी नव्या मुलांना सांगते की ज्याची भूमिका करायची त्याच्याकडे कमी बघा, त्याच्या समोरच्यांकडे जास्त बघा. त्यांना त्याच्याकडून काय मिळतं, ते टिपा.

एक उदाहरण देते. एका कौटुंबिक नाटकात मोठा दीर पेपर वाचत बसलेला असायचा. वाक्य संपलं की तो पेपरची घडी घालून टीपॉयवर आपटायचा. संहितेत याचा उल्लेख नव्हता, तालमीत कधीतरी आपोआप आलेली हालचाल होती. मी स्वयंपाकघराच्या दारामागे चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे, तिथून रंगमंच दिसत नसे, आणि त्या आवाजावर मी आत यायचे. बदलीला आलेल्या मुलाने वाक्यं चोख म्हटली, मूळ नटापेक्षा बरी म्हटली म्हण, आणि पेपर अलगद ठेवला. मी दारामागेच. तो दाराकडे बघतोय, वडिलांचं काम करणारे काका त्याच्याकडे बघतायत. शेवटी काकांनीच "सूनबाई, चहा होतोय की नाही?" असं वाक्य घालून मला आत घेतलं. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. त्या मुलाने मूळ नटाचे प्रयोग अगदी मन लावून बघितले होते, फक्त त्या आवाजावर कोण आत येतंय हे बघितलं नव्हतं.

आता कामाचं. आधी संहिता. तुला जी प्रत दिली असेल ती बहुधा पहिल्या तालमीच्या वेळची असेल. चालू नाटक तसं राहत नाही. वाक्यं गळतात, नवी चिकटतात, एखादा प्रवेश आटोपशीर होतो. विंगेत प्रॉम्प्टिंगला, म्हणजे अडलेल्या नटाला वाक्य सुचवायला, जी प्रत असते तिच्यावरून आपली प्रत दुरुस्त करून घे, आणि मग प्रयोगाचं रेकॉर्डिंग ऐकत पुन्हा एकदा. रेकॉर्डिंग मात्र व्यवस्थापकाला विचारूनच करायचं. न विचारता विंगेत मोबाइल धरलास तर पहिल्याच आठवड्यात नाव खराब होईल.

पाठांतर करताना दोन गोष्टी पाळ. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द आपल्या वाक्याइतकेच पक्के कर. आणि सुरुवातीला सूर लावून पाठ करू नकोस. सपाट, भराभर, भांडी घासताना किंवा कारखान्यात बसने जाताना पुटपुटत पाठ कर. सुरासकट पाठ केलेलं वाक्य त्या सुराला चिकटून बसतं. समोरच्याने त्या दिवशी जरा वेगळं टाकलं की सूर हुकतो, आणि सुराबरोबर शब्दही जातात.

हालचाली लिहिताना डावं-उजवं नटाचं की प्रेक्षकांचं, ते आधी विचारून घे. प्रत्येक संचात एकच पद्धत असेल असं नाही. आणि पावलं मोजू नकोस. दौऱ्यात रोज रंगमंच बदलतो. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात सेट जसा लागेल तसा बेळगावच्या लोकमान्य रंगमंदिरात लागणार नाही, मडगावच्या रवींद्र भवनात आणखी वेगळा. "चार पावलं पुढे" असं लिहिलंस तर कुठे भिंतीवर आपटशील, कुठे अंधारात उभा राहशील. "सोफ्याच्या मागून, वडिलांच्या उजव्या खांद्याशी" असं लिही. सोफा आणि वडील सगळीकडे असतात.

एकच प्रयोग एकाच जागेवरून बघत राहू नकोस. बॅकस्टेजचं काम असल्याने रोज जमणार नाही, पण परवानगी काढून एखादा प्रयोग प्रेक्षागृहात मागे उभा राहून बघ, एक डाव्या विंगेतून, एक उजव्या. प्रेक्षागृहातून हशा आणि शांतता कळतात. विंगेतून दिसतं की मोठा भाऊ आत गेल्यावर कोट कोण घेतं, टॉर्च कुठल्या टेबलावर ठेवलेला असतो, दुसरा शर्ट चढवायला किती वेळ मिळतो. बॅकस्टेजचं काम कमीपणाचं वाटून घेऊ नकोस. प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, लावणाऱ्या मुलाला नाटकाची आतली वीण लवकर कळते. तुला त्या कामाचे पैसेही मिळतायत.

कपड्यांचं लोक शेवटपर्यंत ढकलतात. मोठ्या भावाचा कोट आणि इन्स्पेक्टरची वर्दी आजच घालून बघ. पट्टा, बूट, टोपी सगळं. बूट स्वतःचे ठेव. दुसऱ्याच्या बुटात चालताना माणूस दुसऱ्यासारखा नाही, पाय दुखल्यासारखा चालतो. खायचं-प्यायचं काही असेल तर तेही खरं करून बघ. तोंडात पोह्यांचा घास ठेवून "तू वेगळा राहणार आहेस का?" हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं म्हणजे घास किती लहान घ्यायचा, हे आरशासमोर कळत नाही.

तालीम कोणी घेत नाही ही तुझी तक्रार रास्त आहे, पण त्यामागे संचाची नुसती बेफिकिरी नाही. जुन्या नाटक कंपन्यांच्या काळात माणसं एकाच बिऱ्हाडात राहायची. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' हे संगीत नाटक रंगमंचावर आणलं आणि त्यातून जी मंडळी उभी राहिली तिच्यात जेवण, तालीम, प्रवास सगळं एकत्र होतं. पोरं दिवसभर मोठ्यांच्या तालमी ऐकायची. त्या मंडळीतले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. त्यांनी गाजवलेल्या शकुंतलेच्या भूमिकेत पुढे १९०५ साली मिरजेत नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व उभे राहिले, तेव्हा त्यांना घडवायला नाटककार गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर कंपनीत होता. आज मोठा भाऊ करणारा नट सकाळी मालिकेच्या शूटिंगवर असतो आणि थेट तिसऱ्या घंटेच्या आधी दोन तास उगवतो. दिग्दर्शक पुढच्या नाटकात गुंतलेला. तेव्हा तालीम तुला मागावी लागेल, आणि नेमकी मागावी लागेल. "माझी तालीम घ्या" म्हटलंस की सगळे "हो, बघू" म्हणतील. "काका, पहिल्या अंकातली आपली झटापट दहा मिनिटं करून घेऊया का? तुमचा चष्मा माझ्या हाताने पडायला नको" असं म्हटलंस तर काका चहाचा कप घेऊन सेटवर येतील. म्हाताऱ्या नटांना असले प्रश्न आवडतात. दौऱ्याच्या बसमध्ये वाक्यं म्हणून घ्यायलाही असंच कोणी ना कोणी मिळतं.

ऐनवेळी उभं राहायची पाळी आली तर हाताशी तीन तास असतात, बहुतेक वेळा कमी. त्यात आख्खं नाटक म्हणायला जाऊ नकोस, सगळे दमतील आणि तूही. एवढंच करून घे: सगळ्या एन्ट्री-एक्झिट, जिथे कोणी कोणाला हात लावतं त्या सगळ्या जागा, अंधारात कराव्या लागणाऱ्या हालचाली, आणि फोन, बेल, गाण्याचे क्यू, म्हणजे ते कुठल्या वाक्यावर वाजतात त्या खुणा. राहिलेली वाक्यं तुझ्या डोक्यात आहेतच, नसतील तर तीन तासांत यायची नाहीत. रंगभूषेला बसण्याआधी सहकलाकारांना शांतपणे सांग, "मी अडकलो तर थांबू नका, पुढचं वाक्य घ्या."

आणि अडकलास तर प्रॉम्प्टरकडे मान वळवू नकोस. समोरचा काय म्हणाला ते ऐक, तुझं उत्तर पुष्कळदा त्याच्याच वाक्यात दडलेलं असतं. नव्या माणसाची याहून मोठी खोड म्हणजे तो सावकाश जातो. प्रत्येक वाक्याआधी जरा विचार केल्यासारखा थांबतो. त्याला वाटतं आपण समजून बोलतोय. प्रेक्षकांना वाटतं नाटक लांबलंय. आपल्याकडे खानापूर, निपाणीहून आलेल्या माणसाचं लक्ष तशीही परतीच्या गाडीकडे असतं. मूळ नटाचा वेग पकड, किंचित जास्तच धर.

आता नक्कल. बाहेरचा सांगाडा आहे तसाच ठेवायचा: हालचाली, वेग, आवाजाची पट्टी, वाक्य कुठल्या शब्दावर संपतं, हशासाठी कुठे थांबायचं. त्यात तुझं मत चालणार नाही, दिग्दर्शकाने सांगितल्याशिवाय एक पाऊलही बदलायचं नाही. आतलं मात्र तुझं. मोठा भाऊ वाटणीची गोष्ट का काढतो, रागाने की लाजेने, हे तुला तुझ्यापुरतं ठरवावंच लागेल, नाहीतर वाक्यं पाठ केल्यासारखी येतील. राहिल्या मूळ नटाच्या लकबी. त्या घेऊ नकोस. समजा तो चष्मा काढून पुसतो आणि हशा येतो. तो हशा त्याचा असतो, प्रेक्षक त्याला मालिकेतून ओळखतात म्हणून येतो. तू चष्मा पुसलास तर नुसता चष्मा स्वच्छ होईल. अपवाद त्या पेपरसारख्या गोष्टींचा, जिच्यावर दुसऱ्या कोणाचं काम अवलंबून आहे. तेव्हा चष्मा पुसणं सोडून देण्याआधी विचार: त्यावर कोणी काही करतं का?

इन्स्पेक्टरची भूमिका लहान म्हणून मागे ठेवू नकोस. मला विचारशील तर तीच आधी तयार कर. लहान भूमिकेच्या नटांना दुसरं काम लागलं की ते पटकन गळतात, आणि व्यवस्थापकाला प्रयोग रद्द करायचा नसतो. मोठ्या नावाचा नट आला नाही तर बहुतेक वेळा प्रयोगच पुढे ढकलतात, कारण तिकीट त्याच्या नावावर विकलेलं असतं. मोठा भाऊ करणारा नट तुमच्या जाहिरातीत किती ठळक आहे ते बघ, तुझी पाळी येण्याची शक्यता त्यावरून कळेल. आली तर नाट्यगृहाच्या दारावर बदलाचा फलक लागेल किंवा पडद्याआधी घोषणा होईल आणि तुला आतून नाराजीची कुजबुज ऐकू येईल. ती तुझ्याबद्दल नसते, लोक तुला ओळखतच नाहीत.

बेळगावी बोलण्याबद्दल. पाठ केलेल्या वाक्यात ते तुला वाटतं तितकं येत नाही. ते येतं दोन ठिकाणी. एक, वाक्य विसरून स्वतःचं घालताना. तेव्हा इन्स्पेक्टर "इथे काय करायलाय तुम्ही?" असं विचारून बसतो. बेळगावात त्याला टाळी मिळेल, कोल्हापुरातही खपून जाईल, ठाण्यात मात्र हशा भलत्याच ठिकाणी येईल. म्हणून प्रत्येक प्रवेशासाठी एक-दोन सुटकेची वाक्यं त्या पात्राच्या भाषेत आधीच पाठ करून ठेव. दुसरं ठिकाण उच्चाराचं. आपल्याकडे कानडी शेजारामुळे "चाक" आणि "चार" यातला च, "जागा" आणि "जीव" यातला ज एकसारखा होतो, आणि प्रश्नाच्या शेवटी सूर वर उचलला जातो. हे स्वतःला ऐकू येत नाही. वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि पुण्याकडच्या एखाद्या सहकलाकाराला खुणा करून द्यायला सांग. तेवढेच शब्द घोटायचे. घरी, गल्लीत आपलं बोलायलोय तसंच बोल, ते घालवायची काही गरज नाही. उद्या एखाद्या नाटकात सीमाभागातला माणूस लागला तर तेच तुला काम मिळवून देईल. शिवाय दोन भाषांत वाढलेल्या मुलांचा कान तयार असतो, बोली बदलायला त्यांना फार जड जात नाही असा माझा अनुभव आहे.

पैसे आणि नोकरी. यात तुमच्या निर्मात्याची पद्धत काय, त्यावर सगळं आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय इलाज नाही. उभा न राहिलेल्या प्रयोगाची नाईट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, मिळणार का, की फक्त बॅकस्टेजची? मोठा भाऊ केला त्या रात्री कुठली नाईट धरणार? प्रवास, राहणं, जेवण कोणाकडे? या काळात दुसऱ्या संस्थेची एकांकिका केलेली चालेल का? आणि उभं राहायचंय हे तुला उशिरात उशिरा कधी कळवणार? हे तोंडी बोलून झालं की त्याच संध्याकाळी व्यवस्थापकाला व्हॉट्सअॅपवर "आज ठरल्याप्रमाणे" म्हणून लिहून पाठव. कोणी वाईट मानत नाही. मानलंच तर तेही वेळेत कळलेलं बरं.

नोकरी सोडू नकोस, निदान या कामासाठी नको. तुला या पट्ट्यातला म्हणून घेतलंय, मुंबईहून एक माणूस आणण्याचा प्रवास आणि मुक्काम वाचतो म्हणून. दौरा पुढे विदर्भात गेला की तुझी गरज राहीलच असं नाही. प्रयोगांच्या तारखा घेऊन सुपरवायझरकडे जा. शनिवार-रविवारच्या पाळ्या बदलून मिळतात का बघ, मधल्या वारांसाठी बिनपगारी रजा माग. तारखा हातात असल्या तर माणूस ऐकून तरी घेतो, "नाटक करायलोय, अधूनमधून येणार नाही" म्हटलं तर कोणीही नाहीच म्हणेल. पुढच्या हंगामात कायमची भूमिका हवी असेल तर ते बोलणं गोव्याच्या प्रयोगांआधीच कर. शेवटच्या रात्री सेट टेम्पोत चढत असताना व्यवस्थापक भाड्याच्या हिशोबात असतो, तेव्हा तो तुला फक्त "फोन कर" म्हणेल.